मोरीतली काडी

पिंपळनेरहून आलेल्या द्रौपदाबाईंच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. त्यांचे यजमान, माझा मित्र भाईदास, गेल्यापासून रोज सकाळी मोरीच्या दगडावर कडुनिंबाची काडी सापडते, असं त्यांनी लिहिलं होतं. काडी चावलेली असते आणि जीभ घासण्यासाठी मधोमध चिरलेली. "नाना, तुम्ही इतकं वाचता. युवराज दारातलं निंबाचं झाड तोडू म्हणतो. तोडू देऊ का?"

पुस्तकांत काही सापडलं नाही. शिवाय मी सांगणारा कोण?

शेवटी परवा अमळनेरहून गेलो आणि मुक्काम केला. सकाळी त्यांचा मुलगा युवराज ब्रशवर पेस्ट घेत हसला. "आबा गयात, पन दात घासाना नेम काही सुटना नही!" झाड येत्या रविवारी तोडायचं ठरलं होतं. द्रौपदाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मी तोंड धुवायला मोरीत गेलो. दगडावर एक हिरवी काडी होती, अजून न चावलेली.

माझ्यासमोर तिचं टोक ओलं झालं. हळूहळू ते कुंचल्यासारखं फुललं. मग काडी मधोमध सरळ चिरत गेली, भाईदास चिरायचा तशीच. अगदी जवळ कुणीतरी चूळ भरली.

माझे हात आपोआप जोडले गेले.

पत्राचं उत्तर पत्रानंच द्यायचं ठरवून निघालो. स्टँडजवळ कार्ड घेऊन लिहिलं, "वहिनी, झाड राहू द्या. भाईदासचे दात अजून शाबूत आहेत." आणि तिथल्याच पेटीत टाकलं.