टोपणभर ॲसिड

“भांडी पाण्यानंच धूत होतो ताई,” केरबानं तिसऱ्यांदा सांगितलं.

शिवलीला त्याच्यासमोर, विद्यापीठाच्या भांडारात उभी होती. चार वर्षं ती धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून एक पांढरी भुकटी बनवत होती. भुकटीच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं, आणि त्या भोकांत वायू साठवायचा. पहिल्या तीन घाण्यांत तो अपेक्षेच्या दीडपट मावला. पुढच्या अकरा घाण्यांत एकदाही नाही. ते तीन आकडे तिनं मनानंच लिहिले, असं आता तिचे मार्गदर्शक सर उघड म्हणत होते.

वह्या चाळताना तिला तारीख सापडली. भुकटी बिघडली ती भांडी धुणाऱ्या केरबाची प्रयोगशाळेतून बदली झाल्यापासून. ॲसिड फुकट घालवतो म्हणून सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापून इकडं धाडलं होतं.

“काका, मी तक्रार करायला आले न्हाई. मला खोटारडी ठरवाय लागल्यात.”

शिवाजी पेठेतला हा माणूस एरवी चार खोल्यांपलीकडं ऐकू जायचा. आज दाराकडं बघत हळू बोलत होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

“भांड्याच्या तळाला चिकटायचं ते पांढरं,” तो शेवटी म्हणाला. “पाण्यानं निघत न्हवतं. मग ॲसेटिक ॲसिडनं धुवायचो. अन् एक टोपण तळाला तसंच सोडायचो, पुन्हा चिकटू नये म्हणून. तुमास्नी सांगितलं न्हाई. चुकलं माझं.”

“एकच टोपण?”

“व्हय. काठोकाठ.”

तिनं नव्या घाण्यात तेवढंच ॲसिड मोजून घातलं. आठवड्याभरात आकडा परत आला. ॲसिडमुळं स्फटिकातले काही दुवे जुळलेच नव्हते. जिथं दुवा गळला, तिथं वायूला जागा झाली होती.

शोधनिबंधाचा मसुदा घेऊन ती पुन्हा भांडारात आली. केरबाला इंग्रजी येत नव्हतं.

“ह्यात मी कुठं हाय?”

तिनं आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी ते नाव लाल शाईनं खोडलं होतं. तिनं ते वर पुन्हा लिहिलं होतं.

“सर सही करत्यात?”

“ह्या नावासकट न्हाई म्हणालेत.”

“मग काढून टाका की. डिग्री अडंल तुमची.”

“अडू दे.”

केरबानं आपलं स्टूल तिच्याकडं सरकवलं आणि स्वतः उभा राहिला.