मुख्य पाहुणे

कारगिलच्या युद्धात ललिताने गोळ्यांच्या माऱ्यात हेलिकॉप्टर उतरवलं आणि एका जखमी जवानाला उचलून आणलं. तिचे वरिष्ठ खोत त्या दिवशी तळावरच होते, तरी ती कामगिरी त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली. ती जाब विचारायला गेली, तेव्हा हसून म्हणाले, "बाई लढाईत उतरली होती, हे कुणाला खरं वाटणार?"

यंदा दादरच्या व्याख्यानमालेसाठी तिनेच खोतांचं नाव सुचवलं. मंडळाचे अध्यक्ष तात्या चकित झाले. "अगं, त्यांच्या नावाने तर तू बोटं मोडतेस!"

"म्हणूनच बोलवा, तात्या. आणि तोच किस्सा सांगायचा आग्रह धरा."

खोतांनी किस्सा झकास रंगवला. हेलिकॉप्टर कसं उतरवलं, वाटभर त्या पोराला धीर कसा दिला, सगळं सांगितलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत बसलेल्या ललिताकडे बघून ते मिश्कील हसलेसुद्धा.

मग सत्कारासाठी तात्यांनी लालबागच्या चंदू परबांना बोलावलं. कृत्रिम पाय सावरत ते मंचावर चढले, पण शाल खोतांना न देता त्यांनी माईक हातात घेतला. खोतांचा चेहरा नीट दिसावा म्हणून ललिताने चष्मा चढवला.



"साहेब, 'डोळे मिटू नको रे, भावा' असं वाटभर ओरडून मला जागं ठेवणारी बाई ती समोर बसलीय, तुम्हाला मी आज पहिल्यांदाच बघतोय."