लांबची फेरी

नूलाकाकूंचा नवरा फर्गल वारून सहा वर्षं झाली, तरी त्याची डिझेल गाडी त्यांच्या अंगणात नव्यासारखी उभी होती. धावली होती जेमतेम एकोणीस हजार. मी गॅरेजवाला, घेण्याआधी तपासली, तर धूर गाळणारी जाळी काजळीनं पार तुंबलेली.

"काकू, रोज नुसती जागेवर चालू ठेवता वाटतं? डिझेलला काजळी जाळायला लांबची फेरी लागते हो."

"मला कुठं गाडी येते! फर्गल तापवतो. चर्चला जायच्या आधी मी शेजारी बसते. ऊब आली की बंद करतो." मग डोळे पुसत म्हणाल्या, "लेक म्हणते, आता विकून टाक."

म्हातारपण, असं मी मनाशी म्हटलं. गाडी घरी आणली, किल्ली खुंटीला लावली.

सकाळी इंजिन चालू होतं. काचांवर आतून वाफ धरली होती आणि चालवणाऱ्याची सीट पार मागे सरकली होती. फर्गल सहा फुटांच्या वर होता.

मी गाडी परत नेली. काकू कोट घालून फाटकातच उभ्या होत्या.

"आज उशीर केलास," त्या म्हणाल्या. पण मला नव्हे.

मी इंजिन बंद करून उतरलो. काकू शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, काच खाली केली.

"तुझं बोलणं त्यानं मनावर घेतलंय रे. आज लांबची फेरी आहे. लेकीला सांग, जेवायला थांबू नकोस म्हणावं."

किल्ली माझ्या मुठीत होती. इंजिन सुरू झालं, आणि हँडब्रेक सावकाश खाली गेला.