प्रभुभोजनाचं ताट

आळेफाट्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरत फिरत शेवटच्या बाकावर यमाजीच्या हाती आलं. भावाच्या वाटणीचा बांध त्यानं कोरला होता आणि भाऊ अबोला धरूनच वारला होता. मनात पाप असताना प्रभुभोजन घेऊ नये म्हणून तेव्हापासून तो भाकरीला हात न लावता ताट शेजारी बायकोकडे, चिमाबाईकडे सरकवायचा. ती दर वेळी चिडायची. "अवं, बरं झाल्यावर कुणी दवाखान्यात जातं व्हय? एकदा तरी माझ्यासंगं घ्या." "घेईन की. आधी मन तर निवळू दे," असं तो म्हणायचा. आजही सवयीनं ताट घेऊन त्याचे हात डावीकडे वळले. तिथं बाक रिकामं होतं. चिमाबाईला मागच्याच आठवड्यात माती दिली होती. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "यमाजीभाऊ, ताट पुढं द्या." "पुढं कोण न्हाई, साहेब," तो म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा उचलला. मन काही अजून निवळलं नव्हतं.