केसभर कमी

चेनची पिन अर्धवटच बाहेर यायला हवी होती. ती सगळीच निघाली, टप्पकन खालच्या वर्तमानपत्रावर पडली, आणि घड्याळजींच्या तोंडून एक शिवी गेली.

स्वयंपाकघरात उलटी करून ठेवलेली सायकल त्यांच्या बायकोची होती. ती घरोघर जाऊन मलमपट्टी करणारी नर्स. टेकडीवरच्या वस्तीत तिचे नऊ पेशंट. अलीकडे चढावर तिचे गुडघे बोलायला लागले होते, आणि टेकडी आता कुणा तरुण पोरीला द्यावी असं ऑफिसात घाटत होतं. तिला ते मुळीच मंजूर नव्हतं. टेकडी गेली म्हणजे आपण म्हातारे झालो, असा तिचा सरळ हिशोब.

म्हणून घड्याळजींनी मागच्या चाकाचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील काढून बावीस दात्यांचं बसवलं. पाय जास्त वेळा फिरवावे लागतील, पण जोर कमी लागेल. उभा जन्म दातेरी चाकांत गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. दातेरी चाक मोठं झालं तशी चेन तोकडी पडली. दोन कड्या वाढवायच्या, तर एक पिन हत्याराने ढकलून अर्धी बाहेर काढायची, कड्या जोडायच्या आणि पिन परत आत दाबायची. अर्धीच काढायची, एवढीच त्यातली कला. पुरती निघाली की पुन्हा नीट बसवणं महाकठीण.

हे घड्याळजींना ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात मात्र ऐकत नव्हता. त्याने हत्याराची मूठ अर्धा फेरा जास्त फिरवली होती.

त्यांनी पिन उचलली, घाम पुसत पुसत कशीबशी परत दाबली आणि पेडल फिरवलं. चाक छान गरगरलं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर खूश होऊन उठला असता. घड्याळजींनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं. एका बाजूला पिन केसभर आत राहिली होती. सपाटीवर खपून गेलं असतं. पण चढावर बायको पेडलवर उभी राहिली की चेन सुटणार, आणि मागून बसगाड्या येत असतात.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हत्याराचं टोक पिनवर टिकेचना. जितकं दाबावं तितका हात जास्त थरथरे.

गोची निराळीच होती. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, नजर गेली. लोक हळहळले होते. घड्याळजीची नजर जाणं शोभून दिसतं. हात कापतो म्हटलं असतं, तर शेवटच्या वर्षातली सगळी गिऱ्हाइकं आपापलं घड्याळ कानाला लावून बसली असती. आता पिन केसभर कमी आहे असं सांगायचं, तर केस दिसतो हेही कबूल करणं आलं. बायकोलासुद्धा त्यांनी नजरच सांगितली होती.

"झाली का हो?" ती बॅग घेऊन आली. "नऊला वरच्या आजोबांचं ड्रेसिंग आहे."

"झाली," घड्याळजी म्हणाले.

"एवढ्यात?" तिने सायकल सरळ केली.

"एक चक्कर मारून बघ हवं तर."

"तुमच्या हातचं काम. त्यात बघायचं काय?"

ती सायकल घेऊन दाराबाहेर पडली. बॅग मागे अडकवली. एक पाय पेडलवर ठेवला. समोर रस्ता फाटकापासूनच चढाला लागत होता. घड्याळजी दारात उभे होते, आणि आपण इतके हलकट असू असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"अगं, उतर."

"आता काय?"

"पिन नीट बसलेली नाही. केसभर कमी आहे. चढावर चेन तुटेल."

तिने चष्मा सारखा करून चेनकडे वाकून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही."

"मला दिसतं," घड्याळजी म्हणाले. लाजेने त्यांचे कान तापले. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हात थरथरतो. दुकान त्यापायीच बंद केलं."

सायकल तिने परत आत आणली, उलटी केली आणि वर्तमानपत्रावर मांडी ठोकली.

"ते हत्यार द्या इकडे. किती फिरवायचं तेवढं सांगा."

तीस वर्षं इंजेक्शनं दिलेला तो हात. टोक पिनवर बसलं ते हललं नाही. घड्याळजी शेजारी गुडघ्यावर बसले, भिंग लावलं, चेनपाशी तोंड नेलं.

"फिरव. हळू. अजून. अजून जरासं. थांब."

पिन दोन्ही बाजूंनी सारखी झाली होती. घड्याळजींना एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून ते फडक्याने उगाच चेन पुसत राहिले.

ती नळाखाली हाताचं काळं ग्रीस काढत होती.

"तू काही बोलत का नाहीस?" त्यांनी पाठमोऱ्या बायकोला विचारलं.

"काय बोलू? वर्षभर तुमचा चहा मी अर्धाच कप ओततेय," ती साबण चोळत म्हणाली. "काठोकाठ लागायचा तुम्हाला. एकदा तरी विचारलंत, अर्धा का म्हणून?"