पाण्यावरची गोधडी

चौथी चीर सापडली तेव्हा साहेबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि राखणदाराला बोलावून घेतलं.

तलावावर या काठापासून त्या काठापर्यंत काळं, जाड रबरी कापड तरंगत होतं. उन्हाने पाण्याची वाफ होऊ नये, पाखरांची घाण पडू नये, म्हणून अंथरलेलं. शहराचे दोन उन्हाळे त्यानेच तारून नेले होते. कामगार त्याला गोधडी म्हणत. तिच्यावरून माणूस चालू शके, फक्त पाऊल हलकं हवं. आणि आता कोणीतरी ती फाडत होतं.

चीर चांगली दोन हात लांब असे. कडा एकमेकींना चिकटून राहत, त्यामुळे दहा पावलांवरूनही दिसत नसे. पाय पडला की माणूस सरळ खाली, आणि वर येऊ पाहिलं तर डोक्यावर काळं छप्पर.

चिरा शोधून ठिगळ लावायचं काम राखणदाराच्या जावयाचं. कंबरेला दोर बांधून तो गोधडीवर जाई. दोराचं दुसरं टोक काठावर सासऱ्याच्या हातात.

"मामा, सोडू नका बरं का. लेकीला उत्तर द्यावं लागेल," असं तो रोज म्हणे आणि राखणदार रोज हसे.

जावयाची नोकरी कंत्राटी. गोधडीच्या हमीची दोन वर्षं संपली तसं कंपनीने काम बंद करायचं ठरवलं होतं. त्याने समुद्रापलीकडे दुसरं काम बघितलं, लेकीने बॅगा भरायला घेतल्या. बायको गेल्यापासून राखणदाराला या दोघांशिवाय कोणी नव्हतं. नात तर त्याच्या मांडीवर बसल्याशिवाय जेवत नसे. ती गेली असती तर घर खायला उठलं असतं. पण चिरांमुळे कंपनीने जावयाला थांबवून घेतलं आणि बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या.

संशय एका म्हाताऱ्या मासेवाल्यावर होता. गोधडी आल्यापासून त्याची जाळी भिंतीला टांगून पडली होती. एक दिवस हिचं धडुतं करीन, असं तो चारचौघांत बोलून बसला होता.

"पहाटे पातळी बघायला तुम्ही जाता," साहेब म्हणाले. "तो दिसला कधी?"

राखणदार म्हणाला, "काठावर फिरताना दिसतो, साहेब."

तेवढं पुरलं. दुपारी पोलिसांनी म्हाताऱ्याला उचललं. राखणदाराला त्या दिवशी घास गोड लागला नाही. ब्याद टळली, आता चिरा पडायच्या नाहीत, जावयाला सोमवारपासून मोकळं करू, असं साहेबांनी जाताजाता सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पातळी वाचून राखणदार ऑफिसात गेला. जबाबावर सही हवी होती. साहेब गप्पांच्या तारेत होते. जावई खोळंबला असेल, असं राखणदार दोनदा म्हणाला, पण साहेबांनी चहा मागवला.

तो काठावर आला तेव्हा दोर खुंटीलाच होता.

"जावईबापू केव्हाच गेले," पंपवाला म्हणाला. "म्हातारा आत आहे, आता कसली चीर नि कसला दोर, मामांना कशाला त्रास, म्हणाले. शेवटची चक्कर मारून येतो म्हणाले."

गोधडीवर चिटपाखरू नव्हतं.

शिट्ट्या झाल्या, माणसं धावली. पण शोधणार कुठे? दहा मैदानं मावतील एवढा तलाव. एका काठाकडून ओळीने चला, बांबूने चाचपत चला, असं साहेब ओरडून सांगत होते. ओळ लागेपर्यंत राखणदार निघालाही होता. दोर न बांधता, इकडेतिकडे न बघता तो नाकासमोर पळत सुटला. मधल्या हवेच्या नळीपाशी उजवीकडे वळला, सात पावलं मोजली, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले.

आजची चीर अजून कोणालाच सापडली नव्हती.