चढावरची सहा मिनिटं

"पंचवीस-तीस हॉर्सपॉवर सहज वाढेल," लॅपटॉपवाला म्हणाला. "इंजिन उघडायचं नाही, एक नट सैल करायचा नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे, बस्स."

"आणि तोटा?" फोरमनने विचारलं. एकवीस वर्षं तो छापखान्यातली मशीन सांभाळत होता. वेग फुकट मिळत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"क्लच लवकर जाईल. टर्बोवर ताण येईल. कंपनीची वॉरंटी तर विसराच."

"ती कंपनी कधीचीच विसरलीय."

लॅपटॉपवाला हसला. "ठरलं तर रविवारी या. चढावर एक फेरी आधी मारू, एक नंतर. आईंना घेऊन जायचंय म्हणता, तर त्यांनाच बसवून आणा. फरक खरा कळेल."

ठरवायचं काय त्यात? दोन वर्षं तो चढ फोरमनच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. हॉस्पिटल टेकडीच्या पलीकडे. बाबांच्या छातीत दुखायला लागलं त्या दुपारी चढावर पुढे सिमेंटचा ट्रक आला आणि याच्या डिझेल गाडीत त्याला मागे टाकायचा दम नव्हता. सहा मिनिटं ट्रकच्या मागे रखडत काढली. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." तेव्हापासून त्या सहा मिनिटांनी त्याची पाठ सोडली नव्हती.

बाकी कुणी कुठे कमी पडलं नव्हतं. आईचा फोन नेमका जेवणाच्या सुट्टीत आला, हे नशीबच. मशीन चालू असताना कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही. पाच मिनिटांत तो घरी पोचला, तर बाबा दारातल्या खुर्चीत तयार. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, मांडीवर रिपोर्टांची फाइल. आईच्या हातात भरलेली पिशवी. त्यात टॉवेल, घरचे कपडे, चष्म्याची जादा जोडी, वर चहाचा थर्मास. एवढ्या घाईत एवढी तयारी! आईच्या चपळाईचं कौतुक तो अजून चारचौघांत करायचा. "कमी पडली ती माझी गाडी," म्हणायचा.

आता आईलाही रक्तदाब जडला होता. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

शनिवारी छापखान्यात एकची घंटा झाली आणि त्याचा फोन वाजला. आईच्या फोनवर घड्याळं लावून घ्यावीत, असं तिथे सगळेच म्हणत.

"अरे, तुझा डबा टेबलावरच राहिलाय."

"आई, मी आठला निघालो! ते आता एकला सांगतेस?"

"आता सुट्टी झाली ना तुझी?"

फोन स्पीकरवर होता. अख्खा छापखाना हसला. फोरमनही हसला आणि बाइंडरच्या डब्यात वाटेकरी झाला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "गाडी हवीय की रॉकेट? क्लच गेला तर ढकलायला मी येणार नाही, आधीच सांगते." पण तिनेही फार ताणून धरलं नाही. त्या चढाचं नाव निघालं की नवऱ्याचा चेहरा कसा होतो, ते ती बघत आली होती.

रविवारी आई मागे बसली, लॅपटॉपवाला पुढे. पहिल्या फेरीला अकरा मिनिटं वीस सेकंद लागले. मग त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि अर्धा तास आकडे बदलत बसला. दुसऱ्या फेरीत गाडी अशी उसळली, की आईने पुढची सीट घट्ट धरली.

"दहा मिनिटं पंचेचाळीस," टेकडीच्या माथ्यावर लॅपटॉपवाला म्हणाला. "पस्तीस सेकंद वाचले. खरं सांगू? एवढ्यासाठी मी माझं इंजिन पणाला लावलं नसतं. म्हणाल तर जुने आकडे परत घालतो."

फोरमनने गाडी बाजूला घेतली. आतल्या आत त्याने सहा मिनिटांतून पस्तीस सेकंद वजा केले. उरले ते फार होते.

"नवेच असू द्या," तो म्हणाला. "पस्तीस तर पस्तीस. माझ्या गाडीपायी बाबा गेले. आईच्या वेळी मला एका सेकंदाचाही उशीर नको."

मागे आई पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. ती जराशी पुढे झुकली.

"मग एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"मला सकाळी दुखायला लागलं, तर सकाळीच फोन केला तर चालेल? तुझ्या बाबांना नऊलाच सुरू झालं होतं. पण कामाच्या वेळी फोन करायचा नाही, असं तू बजावलं होतंस ना, म्हणून तेच म्हणाले, एकची घंटा होऊ दे."